दोन छत्र्यांचे दाजीसाहेब

दाजीसाहेब खटावकर भर मे महिन्यात छत्री घेऊन हिंडत, ह्यात काही विशेष नाही. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात माणूस डोक्यावर काहीही धरतो. मी एका वकिलांना पाट धरून कचेरीत जाताना पाहिलं आहे. विशेष हे, की दाजीसाहेब दोन छत्र्या घेऊन हिंडत. एक उघडलेली, एक काखेत.

“दाजीसाहेब, ही दुसरी कशाला?” दफ्तरात रुजू झालो त्याच दिवशी मी विचारलं.

“ही नाही उघडली तर?”

“पण ती तर उघडलेलीच आहे!”

“आत्ता उघडली आहे,” दाजीसाहेब समजावणीच्या सुरात म्हणाले. “दफ्तरात शिरताना बंद करीन. संध्याकाळी निघताना नाही उघडली तर?”

त्यांच्या कुठल्याच ‘तर’वर कधी कोणाकडे उत्तर नसे. घराच्या दाराला दोन कुलपं, खिशात दोन चष्मे, पायजम्याला नाडी आणि वरून पट्टा. टोपी बाजारात जाऊन एकसारख्या दोन टोप्या मागत, तेव्हा दुकानदार विचारी, “जुळे आहेत का, साहेब?” लग्नाला गेले की पहिल्या पंगतीला बसत, कारण दुसऱ्या पंगतीपर्यंत जिलबी संपली तर? आणि बसत ते दाराजवळ, कारण मांडव पेटला तर? टांग्यात चढण्यापूर्वी घोड्याचं वय विचारत. टांगेवाल्याने सांगितलेलं वय खरं मानत नसत, घोड्याकडे स्वतः एकदा निरखून पाहत आणि बहुधा पायीच जात.

आणि हे कोणाच्या घराण्यातले? खटावकरांचे मूळ पुरुष दख्खनेतून घोड्यावर बसून आले, चंबळ ओलांडली, लढाया मारल्या. त्या घोड्याचं वय त्यांनी विचारलं असेलसं वाटत नाही. तीन पिढ्या फौजेत. चौथ्या पिढीत दाजीसाहेब निपजले आणि तलवारीच्या जागी छत्र्या आल्या. लग्न केलं नाही. का, तर म्हणाले, “नाही पटलं तर?” आम्ही हसलो. मी सर्वांत मोठ्याने हसलो, कारण तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो, माझं लग्न ठरत होतं, आणि सगळ्या प्रश्नांना माझं एकच उत्तर असे: “होऊन जाईल हो!”

अशा ह्या माणसाला सरकारने कोणतं काम द्यावं? तर शेतकऱ्यांना जोखीम घ्यायला लावण्याचं!

ते कसं झालं, सांगतो. आमचं ग्वाल्हेर संस्थान मोडून मध्य भारत झाला, आणि दरबारी नोकरांना जिथे जागा मिळेल तिथे कोंबलं गेलं. दाजीसाहेब पूर्वी दरबारच्या नकाशेखात्यात होते. ते जमीन सांभाळण्याच्या नव्या दफ्तरात आले. मीही तिथेच, टेम्पररी कारकून. काम असं: आमच्या भागात नद्यांच्या काठची जमीन पाऊस पोखरतो. आधी चर पडतो, मग घळ, मग एवढी मोठी दरी की हत्ती लपावा. बीहड म्हणतात त्याला. तो दरवर्षी थोडाथोडा शेतात शिरतो. तर शेताच्या त्या कडेला मातीचा बांध घालायचा, बांधाच्या आतल्या बाजूला वीस पावलं रुंद पट्टी सोडायची, तिच्यावर गवत लावायचं आणि तीन वर्षं तिथे नांगर घालायचा नाही. मुळं माती धरतात, शेत वाचतं. बांध सरकार बांधणार, गवत सरकार देणार. शेतकऱ्याने फक्त ‘हो’ म्हणायचं.

शेतकरी ‘हो’ म्हणत. हात जोडून म्हणत. आमच्यातले एक साहेब जीपमध्ये उभं राहून असं भाषण ठोकत की माझ्या डोळ्यांत पाणी येई. गाव माना हलवी, जीप वळणाआड गेली की नांगर पट्टीवर. साहेब दफ्तरात येऊन म्हणत, “जाहिल लोक आहेत, आपलं भलं कळत नाही.” मग एकदा साहेबांना ताप आला आणि त्यांच्या जागी दाजीसाहेबांना पाठवलं. सोबत मी.

सांक नदीकाठचं गाव ते. नाव सांगत नाही. जे झालं त्यात गावाची चूक नव्हती. दाजीसाहेब दोन छत्र्या घेऊन उतरले. भाषण केलं नाही. लिंबाखाली बसून कागदावरची योजना वाचून दाखवली आणि घाम पुसला. समोर सात शेतकरी. त्यांत हरविलास म्हणून एक होता. साठीचा, ताठ, पांढऱ्या मिशा, शेत बीहडाच्या अगदी तोंडाशी. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि तिकडच्या बोलीत म्हणाला,

“बात तौ नीकी है, बाबूजी. मेंड़ बँध जाएगी, घास जम जाएगी. और जो न जमी तौ?”

बांध होईल, गवत धरेल, आणि नाही जमलं तर!

वाचकहो, दाजीसाहेबांचा चेहरा त्या क्षणी तुम्ही पाहायला हवा होता. जत्रेत हरवलेला भाऊ चाळीस वर्षांनी सापडावा तसे ते हरविलासकडे बघत राहिले. मग काखेतली छत्री खाली ठेवली. ती छत्री त्यांनी जमिनीवर ठेवलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

“बोलो,” ते म्हणाले. “और बोलो.”

हरविलास बोलला. बीहड काय आहे हे त्याला जीपवाल्या साहेबापेक्षा जास्त ठाऊक होतं. आजोबांची विहीर आता दरीच्या मधोमध खांबासारखी उभी आहे, म्हणाला. दहा वर्षांनी शेत वाचेल, कबूल. पण पट्टीत ह्या साली जो चना झाला असता, तो कोण देणार? एक साल हात आखडला तर तो दहा वर्षांनंतरचं शेत बघायला राहील का? जमीनवाला मोठा असेल तर त्याने करावं. त्याची एक कड गेली तरी तीन कडा उरतात. “हमाए पास तौ एकई खेत है.” आमच्याकडे एकच शेत आहे.

“एकच!” दाजीसाहेब हळहळून माझ्याकडे वळले. “दुसरं नाही. ऐकतोस ना, वसंता? आणि आपण ह्याला म्हणून राहिलोय की बिनधास्त लाव!”

दुसऱ्या दिवशी दफ्तरात बसून त्यांनी योजनेला एक अट जोडली. पहिली तीन वर्षं, ज्याने पट्टी सोडली त्याच्या शेतात शेजारच्या शेताहून जेवढा चना कमी येईल, तेवढा सरकारी बियाणांच्या कोठारातून मापून द्यावा. बस. आमचे वरिष्ठ जुन्या दरबारचे, निवृत्तीला आलेले, भले गृहस्थ. ते म्हणाले, “खटावकर, असं कुठे लिहिलेलं नाही.” दाजीसाहेब म्हणाले, “म्हणूनच तर लिहून राहिलोय.” वरिष्ठांनी सही केली, महिन्याने निवृत्त झाले आणि काशीला निघून गेले.

आम्ही पुन्हा गावात. दाजीसाहेबांनी अट तीन वेळा वाचून दाखवली. हरविलासने चौथ्यांदा वाचायला लावली. मग सातही जणांनी त्या एका कागदावर अंगठे उठवले.

आता ऐका. दाजीसाहेबांचा नेम असा, की कुठलाही कागद तीन ठिकाणी. एक दफ्तरात, एक घरी पेटीत, एक तांदळाच्या डब्यात. (“पेटी चोरीला गेली तर?” “आणि डबा गेला तर, दाजीसाहेब?” “चोर तांदूळ नेत नाही. जड असतो.”) तेव्हा ते झोळीतून आणखी दोन कोरे ताव काढू लागले, सातांचे अंगठे पुन्हा दोनदा घ्यायचे. मी त्यांना बाजूला ओढलं.

“दाजीसाहेब, हे काय करून राहिलात? आत्ता कुठे ह्या लोकांना भरोसा आला. तुम्ही तीन-तीन कागद करायला लागलात तर म्हणतील, ह्या बाबूलाच आपल्या कागदाचा भरोसा नाही!”

ते थांबले. हा ‘तर’ माझा होता आणि तो त्यांना लागला. त्यांनी कोरे ताव घडी करून परत झोळीत टाकले.

“बराबर बोललास,” ते म्हणाले. “एकच राहू दे. तू सांभाळ, वसंता.”

“होऊन जाईल हो!” मी म्हणालो.

त्या उन्हाळ्यात बांध झाले. पावसात गवत धरलं. सातजणांचं ऐकून आणखी गावांतून विचारणा आली, आणि दाजीसाहेब दफ्तरात चक्क शीळ घालताना सापडले. मी त्यांची थट्टा करण्यात मागे राहिलो नाही. आतापर्यंत ती माझी दुसरी नोकरी झाली होती. ते काही विचारायला तोंड उघडत आणि मी आधीच म्हणे, “आणि नाही जमलं तर?” सगळं दफ्तर हसे. तेही हसत. हळूहळू ते तोंड कमी उघडू लागले. मला वाटलं, सुधारले.

मध्य भारताला दोन राजधान्या होत्या. हिवाळ्यात सरकार ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला. एखाद्या संस्थानिकाने दोन राण्यांची समजूत काढावी तशी ही व्यवस्था. दरवर्षी आम्ही कारकून कागदांचे बस्ते बांधत असू: इंदूरला जायचे ते लाल कपड्यात, मागे राहायचे ते पांढऱ्यात. मग बीना, भोपाळ, उज्जैन करत गाडी इंदूरला जाई. वाटेत भोपाळला दाजीसाहेब स्वतःच्या पुऱ्या काढत आणि मी चाय पीत असे. मग एका नोव्हेंबरात मध्य भारतही मोडला, नवा मोठा प्रदेश झाला, आणि आठ वर्षं जिथे आम्ही फक्त चाय प्यायला उतरलो ते भोपाळ राजधानी झालं.

ग्वाल्हेरच्या आमच्या लश्कर भागात सुतक पडल्यासारखं झालं. सराफ्यातले व्यापारी सुद्धा विचारत, आता गिऱ्हाईक कोण? आमच्या दफ्तरात मात्र एकच प्रश्न होता: भोपाळला कोणाकोणाला घेणार? यादी बनत होती. माझी जागा टेम्पररी. उज्जैनच्या मुलीशी माझं लग्न ठरलं होतं, आणि सासऱ्यांनी पत्रात नोकरीबद्दल दोनदा विचारलं होतं.

बस्ते बांधायचं काम माझ्याकडे होतं. भोपाळसाठी निळा कपडा आला होता, नवा कोरा. तीन दिवस मी बस्ते बांधत होतो, लग्नाच्या गप्पा मारत होतो, आणि हात आपोआप चालत होते. सांककाठच्या बस्त्यापाशी आलो. त्यात तो सात अंगठ्यांचा कागद. शेजारी दाजीसाहेब टेबल आवरत होते. मी बस्ता बांधला, चिठ्ठी चिकटवली, गाडीवर टाकला.

मार्चात चना निघाला. पट्टी सोडलेल्या शेतात तो कमी आला, येणारच होता. सातजण ग्वाल्हेरला आले, पागोटी बांधून, लग्नाला आल्यासारखे. दाजीसाहेबांनी त्यांना पेढे दिले आणि भोपाळला लिहिलं. भोपाळहून उत्तर आलं: अटीचा मूळ कागद पाठवा. इथे निळ्या बस्त्यांत तो नाही.

मला तेव्हाच कळलं. पत्र वाचता वाचता माझ्या बोटांना कपडा आठवला. तो निळा नव्हता. आठ वर्षांच्या सवयीने मी लाल कपडा उचलला होता, आठ वर्षांच्या सवयीने त्यावर ‘इंदूर’ची चिठ्ठी चिकटवली होती. बस्ता इंदूरला गेला होता, जिथे आता आमचं कोणीच नव्हतं. खोल्यांना टाळी लागली होती.

मी बोललो नाही.

इथे मला काहीतरी गमतीदार सांगून पुढे सरकता आलं असतं. इतकी वर्षं चारचौघांत दाजीसाहेबांच्या गोष्टी सांगताना मी तेच करत आलो आहे. छत्री सांगतो, टांगा सांगतो, जिलबीवर तर लोक लोळतात. इथवर आलो की चाय मागवतो.

भोपाळने चौकशी लावली. कागद कोणाच्या ताब्यात होता? दाजीसाहेबांनी एका ओळीचं उत्तर लिहिलं, ते मी स्वतःच्या हाताने रवाना केलं: “सदर कागद माझ्याकडे होता व माझ्या निष्काळजीपणामुळे गहाळ झाला.”

निष्काळजीपणामुळे! दोन कुलपांचा माणूस! दफ्तरात कोणाचा विश्वास बसला नाही, पण सरकारचा बसला. त्यांची बढती गेली, भोपाळच्या यादीतून नाव गेलं. ग्वाल्हेरलाच एका कोपऱ्यातल्या मेजावर निवृत्तीपर्यंत बसवून ठेवलं. माझं नाव यादीत आलं. उज्जैनला बार उडाला. दाजीसाहेब आले, पहिल्या पंगतीला दाराजवळ बसले, अहेर म्हणून छत्री दिली. दोन.

आणि भोपाळचा निकाल: कागद नाही, तर अट नाही.

सहाजणांनी पुढच्या पेरणीला पट्टीत नांगर घातला. त्यांना नावं ठेवायला मला तोंड नाही. हरविलासने मात्र आणखी एक साल पट्टी राखली. लोक हसले तर म्हणायचा, “बाबूजी कागद ढूँढ़ रए हैं.” पण दोन्ही बाजूंचे बांध मोडल्यावर मधला एकटा काय करणार? पुढच्या पावसात पाणी शेजारच्या शेतातून फिरलं आणि त्याच्या बांधाला मागून घेऊन गेलं. पट्टी गेली, पट्टीमागचं शेत निम्मं गेलं. आमच्या खात्याच्या अहवालात मी भोपाळला बसून वाचलं की त्या भागातील शेतकरी जुन्या विचारांचे असून योजनेस प्रतिसाद देत नाहीत. तो अहवाल सुवाच्य अक्षरात मीच उतरवला होता.

वर्षं गेली. मी पक्का झालो, बढत्या झाल्या, केस पिकू लागले. ग्वाल्हेरची माणसं भेटत आणि दाजीसाहेबांची ताजी बातमी देत. एकदा कोणीतरी सांगितलं, “आता ते जेवायला दोन ताटं मांडतात! एकटेच आहेत, पण समोर दुसरं ताट वाढलेलं!” मी लगेच म्हणालो, “एक सांडलं तर!” सगळे हसले.

मग खात्याच्या कामाने इंदूरला गेलो असताना त्या जुन्या खोल्या रिकाम्या करत होते. लाल बस्त्यांचा ढीग अंगणात पडला होता. मी खाली बसून, धोतर-कोट असा साहेबी थाट सांभाळत, एकेक गाठ सोडली. सापडला. वाळवीने कडा खाल्ल्या होत्या. सातही अंगठे शाबूत.

परतताना भोपाळला न उतरता थेट ग्वाल्हेर गाठलं. सकाळचे अकरा वाजले असतील. दाजीसाहेबांनी एक कुलूप उघडलं, दुसरं उघडलं, आणि माझ्याकडे आधी एका चष्म्यातून, मग दुसऱ्यातून पाहिलं.

“अरे वसंता! केवढा साहेब झालास! ये, ये. बायको कशी आहे? बरी आहे ना? नक्की?”

मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खिडकीपाशी नेला. एकेका अंगठ्यावर बोट ठेवत गेले. शेवटच्या अंगठ्यावर बोट बराच वेळ राहिलं.

“हरविलास,” ते म्हणाले. “दाबून उठवला होता त्याने.”

“दाजीसाहेब, बस्ता मी चुकीचा... मी लाल कपड्यात—”

“माहीत आहे.”

“माहीत आहे?”

“मी बघून राहिलो होतो ना, शेजारीच. तू लाल कपडा उचललास. चिठ्ठी लावलीस. मी म्हणणारच होतो, वसंता, अरे निळा ना? तोंड उघडलं सुद्धा.” ते किंचित हसले. “मग वाटलं, पुन्हा सगळे हसतील. पोरगा लग्नाचा आहे, खुशीत आहे, किती टोकायचं त्याला? त्याने विचार करूनच उचलला असेल. एक दिवस तरी गप्प बसावं.”

ते कागदाची घडी करू लागले. जुन्याच घडीवरून, जपून.

“इंदूरला दोन पत्रं टाकली, पण त्या खोल्या उघडायला तिथे आपलं कोणी उरलंच नव्हतं. म्हणून तसं लिहिलं. खोटं नव्हतं ते. बघूनही बोललो नाही, ह्याला दुसरं काय म्हणतात?”

त्यांनीच विषय बदलला. “जेवून जा. वरण-भातच आहे, पण गरम आहे.” आत गेले. भांड्यांचा आवाज आला. बाहेरच्या खोलीत पाट मांडलेले होते, दोन. त्यांपुढे दोन ताटं, दोन वाट्या, दोन पाण्याचे तांबे. मग खरंच होतं ते. मी हातपाय धुतले आणि दुसऱ्या पाटावर बसायला वाकलो.

“तिथे नको,” दाजीसाहेब दारातून म्हणाले. त्यांच्या हातात तिसरं ताट होतं. “तो हरविलासचा आहे. शेत गेलं त्या साली भेटायला गेलो होतो. म्हणाला, येऊन जाईन कधीतरी ग्वाल्हेरला, कागदाचं काही कळलं का बघायला.”

“मग? आला नाही?”

“अजून नाही.” त्यांनी माझ्यासाठी वेगळा पाट मांडला, ताट ठेवलं. मग घडी केलेला कागद खिशातून काढून त्या दुसऱ्या ताटाशेजारी ठेवला आणि उडू नये म्हणून वर वाटी ठेवली.

“पण आज आला तर?”